सार्वजनिक काका आणि पन्नास सह्या

माणसाचे आडनाव मागे पडावे आणि कामाचेच नाव त्याला कायमचे चिकटावे, असे फार थोड्यांच्या वाट्याला येते. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी हे त्यांपैकी एक. पुणे सार्वजनिक सभेच्या कामात ते इतके बुडून गेले की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. आज आपल्या घरांतील मुलांना विचारले तर टिळक माहीत असतात, गोखले माहीत असतात, रानड्यांचे नाव कानावरून गेलेले असते. काकांचे नाव मात्र ज्येष्ठांपैकीही थोड्यांना आठवते. काहींचा आणखी एक घोटाळा होतो. अर्थशास्त्रावर लिहिणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे वेगळे गृहस्थ. आपले काका वासुदेवांचे चिरंजीव.

त्यांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. सातारा त्या वेळी छत्रपतींचे संस्थान होते. काका दहा-अकरा वर्षांचे असताना, १८३९ मध्ये, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे कंपनीच्या दारात खेटे घालत राहिले. शेवटी रिकाम्या हाताने परतले. मधल्या काळात संस्थानही खालसा झाले. साताऱ्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर हे सारे आल्यावाचून राहिले नसेल. एक निष्ठावंत वकील, त्याच्यामागे एक पदच्युत राजा, आणि प्रजा मात्र या व्यवहारात कुठेच नाही! काकांनी पुढे जे केले त्याचे मूळ इथे असावे, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, कारण तसे त्यांनी कुठे लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिक्षण बेताचे झाले. विश्वविद्यालयाच्या पदव्या मिरवणारी पिढी त्यांच्या नंतरची. कचेरीत उमेदवारी, मग सरकारी नोकरी, मग ती सुटल्यावर वकिलीची परीक्षा आणि पुण्यात वकिली, अशी वाटचाल. वकिली चांगली चालली. इथवरची हकीकत त्या काळच्या पन्नास वकिलांची असेल. वयाच्या चाळिशीपर्यंत या माणसाचे नाव पुण्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नोकरीत असताना सवड नाही आणि निवृत्तीनंतर उमेद नाही, असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे, म्हणून सांगतो.

सभेचा जन्म एका देवस्थानाच्या कारभारातून झाला. पर्वतीचे देवस्थान पेशव्यांनी उभारलेले. पेशवाई गेल्यावर त्याची व्यवस्था सरकारकडे होती, ती सरकारने पुढे पंचांच्या हाती सोपवली. पंचांच्या कारभाराबद्दल लोकांत कुरबूर सुरू झाली. कुरबूर प्रत्येक गावात असते. देवळाच्या पायरीवर, पानाच्या दुकानात, हल्ली मोबाईलवरच्या गटात. पुण्यात त्या वेळी वेगळे झाले ते असे की, कुरबूर करणारे एके ठिकाणी जमले आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले की प्रश्न एकट्या पर्वतीचा नाही. लोकांचे म्हणणे एकत्र करून योग्य ठिकाणी पोचवील अशी कायमची संस्थाच शहरात नाही. १८६७ साली एक मंडळी स्थापन झाली होती, पण तिच्यात फारसा जीव नव्हता. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि धावपळीचे सगळे काम काकांच्या अंगावर आले.

आता या सभेची जी घटना केली गेली तिच्याकडे मी जरा थांबून पाहणार आहे. माझे आयुष्य बँकेत गेले. दुसऱ्याच्या वतीने काही करायला कुणी काउंटरवर आला की आमचा पहिला प्रश्न, मुखत्यारपत्र आहे का? मुलगा असो, जावई असो, कितीही ओळखीचा असो. कागदाशिवाय पैसा हलत नाही. सभेने नेमका हाच नियम सार्वजनिक कामाला लावला. सभेचा सभासद व्हायचे असेल तर वर्गणी भरून भागत नसे. निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. या गृहस्थांनी आमच्या वतीने बोलावे, असे त्या पन्नासांनी लिहून द्यायचे. आरंभीच पंच्याण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. भागाकार केला तर दर सभासदामागे त्रेसष्ट पडतात. म्हणजे बहुतेकांनी नियमापुरते पन्नास गाठून काम संपवले नव्हते.

पन्नास सह्या म्हणजे काय, हे ज्याने कधी सोसायटीच्या अर्जावर सह्या गोळा केल्या आहेत त्याला विचारावे. एकेका दारी जावे लागते. बसावे लागते. चहा घ्यावा लागतो. समोरचा विचारतो, तुम्ही नेमके काय करणार? मागच्या वेळी काय झाले? आमच्या गल्लीतल्या गटाराचे काय? सही देणारा माणूस त्या क्षणापासून त्या कामात थोडासा अडकतो, आणि सही घेणारा तर पुरताच अडकतो. कारण उद्या रस्त्यात गाठ पडली की जाब द्यायचा आहे. मतदानाचा हक्क कुणालाच नव्हता, निवडणुकीने भरलेली नगरपालिका नव्हती, अशा काळात ही मंडळी घरोघर जाऊन स्वतःची निवडणूक करवून घेत होती. मला हा सभेचा सर्वांत मोठा पराक्रम वाटतो. नंतरच्या अर्जांपेक्षा आणि अहवालांपेक्षाही मोठा.

अर्थात सहा हजार म्हणजे सगळे पुणे नव्हे. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर, शिक्षक असा हा वर्ग होता आणि त्यात ब्राह्मणांचा भरणा मोठा होता. इतर जातिधर्मांचे लोक होते, पण थोडे. त्याच पुण्यात १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि या सभेच्या सार्वजनिकपणावर बोट ठेवले. ते बोट योग्य जागी होते. ज्याचा मुखत्यारनामा घ्यायला कुणी त्याच्या दारी गेलेच नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुठून येणार? काकांच्या नियमानेच काकांच्या सभेला मोजले तर हा हिशेब अपुरा भरतो.

तरीही शेतकऱ्यांच्या बाजूने सभेने जे काम केले ते खरे आहे. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे बदली होऊन पुण्यात आले आणि सभेला अभ्यासू डोके मिळाले. रानडे सरकारी नोकर, त्यांना उघडपणे पुढे होता येत नसे. विचार त्यांचा आणि पाय काकांचे, अशी जोडी जमली. सभेने माणसे नेमून जिल्ह्याजिल्ह्यातून जमीनमहसूल, कर्ज, पिके यांची माहिती गोळा केली आणि १८७३ च्या सुमारास तिचा अहवाल छापला. हिंदुस्थानला विलायतेच्या पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावे असा अर्जही पाठवला. त्या अर्जाचे काय झाले हे सांगायला नको.

१८७६-७७ चा दुष्काळ दख्खनला भाजून काढणारा होता. सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला किती द्यायचे, हा त्या वेळचा कळीचा प्रश्न होता. सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करायचे ठरवले आणि दिवसाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा इथवर खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला एवढ्यावर जगायचे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सभेचे वार्ताहर गावोगाव होते, त्यांच्याकडून येणारी माहिती सभा सरकारला कळवत होती, आकड्यांनिशी भांडत होती. कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला खेड्यातली बातमी त्याच्या स्वतःच्या मामलेदाराआधी सभेकडून कळावी, ही गोष्ट सरकारला आवडण्यासारखी नव्हती.

काकांचे आणखी दोन उद्योग इथे थोडक्यात सांगतो. १८७२ पासून त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत काढायचे आणि जाडेभरडे खादीचे कपडे वापरायचे. गांधीजी त्या वेळी दोन-तीन वर्षांचे होते! देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असा माल इथेच व्हावा म्हणून खटपट केली, पुण्याबाहेरही देशी मालाची दुकाने निघाली. धंदा म्हणून हे फार फळले नाही. परदेशी माल स्वस्त आणि सुबक, देशी माल महाग आणि ओबडधोबड; गिऱ्हाईक किती दिवस देशप्रेमावर खरेदी करणार? १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा लॉर्ड लिटनचा दरबार भरला. राजेमहाराजे जरतारीत आणि जडजवाहिरात आलेले. सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथे गेले ते पांढऱ्या खादीच्या पोशाखात.

दुसरा उद्योग लवाद कोर्टाचा. लोकांनी भांडणे घेऊन सरकारी कोर्टात जाऊ नये, मुद्रांकात आणि वकिलांच्या फीत पैसा घालू नये, आपसांत नेमलेल्या पंचांपुढे मिटवावीत, यासाठी पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले. हे करणारा माणूस स्वतः वकील होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी बायकांची सभा चालवली आणि हळदीकुंकवाला जातीचे बंधन न ठेवता स्त्रियांना बोलावले. त्या काळी पुण्यात हे करणे दिल्लीच्या दरबाराला खादी नेसून जाण्याइतकेच धीराचे होते.

आता आपल्या बडोद्याचा विषय, कारण काकांच्या चरित्रात तो महत्त्वाचा आहे आणि आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मल्हारराव महाराज १८७० मध्ये गादीवर आले. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या आणि सगळ्या खोट्या नव्हत्या. कारभार सुधारावा म्हणून १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले. पण रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचे पटेना. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेअर साहेबांच्या सरबतात विष घातल्याचा आळ आला आणि १८७५ च्या जानेवारीत महाराजांना कैद झाली. चौकशीला सहा जणांचे कमिशन बसले. तीन इंग्रज; आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव असे तीन हिंदी. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले.

या प्रकरणात पुण्याच्या सभेने उडी घेतली. सभा भरवल्या, सरकारकडे तारा केल्या, महाराजांच्या बचावासाठी लोकांतून पैसा उभा करण्याची तयारी दाखवली. काका यात अग्रभागी होते. हा राजा फार गुणी होता, असा त्यांचा दावा नव्हता. राजालासुद्धा पुराव्यावाचून दोषी ठरवता येणार नाही आणि हे सांगण्याचा अधिकार सामान्य माणसाला आहे, एवढाच मुद्दा होता. साताऱ्याच्या वेळी एकटे रंगो बापूजी होते. पस्तीस वर्षांनी बडोद्याच्या वेळी मागे एक सभा होती. कमिशनचे मत तीन विरुद्ध तीन असे फुटले. विषप्रयोग सिद्ध झाला नाही, तरी गैरकारभाराचे कारण देऊन एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. पुढे मे महिन्यात जमनाबाई महाराणींनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. त्या निवडीने बडोद्याचे भले झाले, यात दुमत नाही. परंतु परिणाम चांगला निघाला म्हणून प्रक्रिया बरोबर होती असे ठरत नाही, आणि काकांचे भांडण प्रक्रियेशी होते.

त्यांच्या धैर्याची शेवटची कसोटी १८७९ मध्ये लागली. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्या मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले होते; पुणेकरांवर सरकारचा संशय होता, आणि त्यातही सुशिक्षित पुणेकरांवर जास्त. रानड्यांची बदली धुळ्याला झाली. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःचे नाव पोलिसांच्या वहीत घालणे. काकांनी ते घेतले. फडक्यांचा सशस्त्र मार्ग त्यांचा नव्हता. त्यांचा मार्ग अर्जाचा, पुराव्याचा, सह्यांचा. तरीही आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, म्हणून ते उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ते एडनला गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले. काका त्यांच्याआधीच गेले. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. सभा सुरू होऊन फक्त दहा वर्षे झाली होती. एवढे सगळे त्या दहा वर्षांतले.

इथे थोडे आपल्याकडे पाहतो. कोणत्याही मंडळाची वार्षिक सभा घ्या. ठरलेल्या वेळी गणपूर्ती नसते. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी भरते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही. ही सोय नियमात अपवाद म्हणून ठेवलेली; आता सूचनापत्रातच आधी छापली जाते. जमाखर्च वाचला जातो, कुणी एक प्रश्न विचारला तर बाकीचे घड्याळ पाहतात, निवडणूक बिनविरोध होते आणि तेच पाच-सहा जण पुन्हा तेच काम करतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण दुसरे कुणी नसते. पण दहा वर्षे कुणी विचारले नाही की त्या पाच जणांनाही सांगण्याची सवय राहत नाही. पर्वतीच्या पंचांचे याहून वेगळे काय झाले असेल? शहराचेही तेच. २०२१ च्या महानगरपालिका निवडणुकीत बडोद्यातले निम्म्याहून अधिक मतदार मतदानाला गेले नाहीत. नंतर रस्त्याच्या खड्ड्यांचे फोटो मात्र सगळ्यांनी पाठवले. ज्याला मतच मिळवायचे नव्हते त्या नगरसेवकाला तुमचा फोटो पाहण्याची निकड का वाटावी? बँकेत आम्ही अशा खात्याला निष्क्रिय खाते म्हणतो. पैसे तुमचेच असतात, पण दोन वर्षे व्यवहार केला नाही की पुन्हा ओळख पटवून द्यावी लागते.

काकांच्या मागे सभेचे काम चालू राहिले. १८७८ मध्ये सुरू झालेले तिचे त्रैमासिक रानड्यांच्या लेखांमुळे गाजत होते. १८८५ ची पहिली काँग्रेस पुण्यातच भरायची होती आणि यजमानपण सभेकडे होते. पटकीची साथ आली म्हणून ती मुंबईला हलवली. मग मतभेद वाढले. १८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाने सभा ताब्यात घेतली, पुढच्याच वर्षी रानडे आणि गोखले यांनी बाहेर पडून डेक्कन सभा काढली. एका घराची दोन घरे झाली. कोण चूक आणि कोण बरोबर यावर पुण्यात आजही वाद घालता येतो, तो मी इथे घालणार नाही. पुन्हा दुष्काळ पडला होता आणि सभेची माणसे खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना साऱ्याच्या माफीचे नियम समजावून सांगत होती. सरकारला ते खपले नाही. १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने कळवले की सार्वजनिक धोरणाच्या बाबतीत सरकारला निवेदन करणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. ज्या सभेने जन्मताच सहा हजार सह्या पुढे ठेवल्या होत्या तिला सत्तावीस वर्षांनी हे ऐकावे लागले. मान्यता गेली तरी सभा बंद पडली नाही. ती आजही पुण्यात आहे.